कांचेंतला समुद्र आणि त्याची निगा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस थोडें नवल वाटलें असेल. ज्या मनुष्यानें पस्तीस वर्षें मुलांना पाढे, व्याकरण आणि सामान्य विज्ञान शिकविण्यांत घालविलीं, आणि ज्याचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेलें नाहीं, त्यानें समुद्रांतील प्रवाळें आणि त्यांच्या पाण्याची परीक्षा यांवर बोलावें, हें साहसच म्हटलें पाहिजे. परंतु हें साहस मी पुस्तकी ज्ञानाच्या बळावर करीत नाहीं. सहा महिने एका टांकीजवळ बसून मी जें शिकलों, आणि एकदां जें चुकलों, तेवढेंच माझें भांडवल आहे.

माझे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत न्यू जर्सी येथें राहतात. निवृत्तीनंतर आम्ही उभयतां सहा महिन्यांकरितां त्यांच्याकडे गेलों, तेव्हां त्यांच्या दिवाणखान्यांत दीडशें लिटरांची एक कांचेची टांकी नुकतीच मांडलेली होती. आंत मासा नव्हता, कीं शेवाळाची एक काडी नव्हती. कांहीं सच्छिद्र दगड, थोडी पांढरी वाळू आणि स्वच्छ पाणी, एवढेंच. माझी बारा वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, हा समुद्र आहे, पण अजून इथं कोणी राहायला आलेलं नाही." घरांत रिकामा मनुष्य मीच असल्यामुळें त्या ओसाड समुद्राची देखरेख दुसऱ्याच दिवशीं माझ्याकडे आली.

पोवळें म्हटलें म्हणजे आपल्याला अंगठींतलें मंगळाचें रत्न आठवतें. पण पोवळें काय किंवा समुद्रांतील इतर प्रवाळें काय, हीं बहुतेक सारीं अत्यंत लहान अशा प्राण्यांचीं वसाहत आहेत. त्या प्राण्यांपैकीं पुष्कळांच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल राहतें. तें प्रकाशाच्या साह्यानें अन्न तयार करतें व त्याचा मोठा वांटा आपल्या यजमानास देतें. पाषाणप्रवाळें पाण्यांतील चुना घेऊन आपला सांगाडा रचतात, आणि अशा असंख्य पिढ्यांच्या सांगाड्यांचे खडक बनतात. खुल्या समुद्राचें पाणी इतकें अफाट आहे कीं, दिवसामागून दिवस त्याचा खारेपणा, त्याची उष्णता, त्यांतील द्रव्यें यांत फारसा फरक पडत नाहीं. त्या स्थैर्याची संवय लागलेला जीव दीडशें लिटर पाण्यांत आणला, म्हणजे तें स्थैर्य राखण्याची जबाबदारी समुद्राकडून आपल्याकडे येते. टांकीची सारी निगा या एका वाक्यांत आली.

हा छंद अगदींच कालचा नव्हे. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं वनस्पति व मासे एकत्र ठेवून पाण्याचा समतोल राखतां येतो असें दाखविलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप गॉस यानें या विषयावर ग्रंथ लिहिला. आपल्या मुंबईंत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें. माझ्या वयाच्या अनेकांनीं शाळेच्या सहलींत तेथील कांचेला नाक लावून समुद्रांतले मासे पाहिले असतील. परंतु प्रवाळें घरीं जगविणें ही गोष्ट त्याहून कठीण. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं १९६० च्या सुमारास समुद्रांतील जिवंत दगडच टांकींत ठेवून ती साधली. त्या दगडांत काय होतें, हें समजलें म्हणजे नव्या टांकीचे पहिले सहा आठवडे समजले.

नवी टांकी भरली कीं त्याच दिवशीं मासे सोडण्याचा मोह होतो, आणि पुष्कळ टांक्यांचा घात या मोहानेंच होतो. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलें अन्न कुजून त्यांत भर पडते. हा अमोनिया माशांना विष आहे, आणि समुद्राच्या किंचित् अल्क पाण्यांत त्याचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षां सहसा अधिक असतो. एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात. दुसरे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करतात, आणि तें पुष्कळ सौम्य असतें. आपल्या शेतांत शेणखत घातल्यावर जमिनींत हेंच घडतें. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यानें १८९० च्या सुमारास हे जंतु वेगळे काढून दाखविले. टांकींत त्यांचें घर म्हणजे ते सच्छिद्र दगड. कोरड्या दगडांवर त्यांची वस्ती वाढण्यास साधारणपणें चार ते सहा आठवडे लागतात.

या काळांत आम्ही टांकींत मासा न घालतां मोजका अमोनिया घातला आणि दर दोन दिवसांनीं परीक्षा केली. परीक्षेची रीत सोपी आहे. लहान नळींत टांकीचें पाणी घ्यावयाचें, त्यांत ठराविक थेंब टाकावयाचे, सांगितलेलीं मिनिटें थांबावयाचें आणि आलेला रंग छापील पट्टीशीं ताडून पाहावयाचा. मीं चौकटींच्या कागदावर आलेख काढला. प्रथम अमोनियाची रेषा चढली. तिसऱ्या आठवड्यांत ती उतरूं लागली, तशी नायट्राइटची चढली. आणि अडतिसाव्या दिवशीं दोन्ही शून्यावर आल्या. तरीहि आम्ही एकदां पुन्हां अमोनिया घालून पाहिला. दुसऱ्या दिवशीं दोन्ही आंकडे शून्य आले, तेव्हांच टांकी राहण्यास योग्य झाली असें ठरविलें. मधल्या काळांत दगडांवर व वाळूवर तपकिरी थर धरला आणि सूनबाईंना वाटलें कीं सारें बिघडलें. पण नव्या टांकींत हा थर बहुधा येतोच. तीं सिलिका खाणारीं सूक्ष्म शैवालें असतात, आणि त्यांचा सांठा संपला म्हणजे तीं ओसरतात.

आतां पाण्याविषयीं. पिण्यास उत्तम असलेलें नळाचें पाणी प्रवाळांस उत्तम असेलच असें नाहीं. त्यांत क्लोरीन असतें. कधीं फॉस्फेट, कधीं सिलिका, कधीं नळांतून उतरलेला तांब्याचा अंश असतो, आणि तांबें तर कोळंबी व प्रवाळें यांस प्राणघातक आहे. म्हणून तें पाणी गाळणयंत्रांतून आणि राळेच्या दाण्यांतून नेऊन जवळजवळ निव्वळ पाणी करावें लागतें. विरघळलेलीं द्रव्यें मोजणाऱ्या मापकाचा आंकडा शून्य आला, म्हणजे तें पाणी ठीक. मग त्यांत मीठ घालावयाचें. पण स्वयंपाकाचें मीठ नव्हे. समुद्राच्या एका किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत सोडियम आणि क्लोरीन मिळून ३० ग्रॅमांच्या आसपास भरतात, आणि उरलेल्या थोडक्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे आवश्यक द्रव्यें असतात. तीं सारीं असलेलें तयार समुद्रमीठ मिळतें. तें वेगळ्या भांड्यांत, पाणी हलतें ठेवून, पूर्ण विरघळूं द्यावें. टांकींत कोरडें मीठ कधींहि टाकूं नये. खारेपणा मोजण्यासाठीं प्रकाशाचें वक्रीभवन पाहणारें एक नळीसारखें यंत्र असतें. त्याचा आंकडा खरा कीं खोटा, हें ३५ खारेपणाच्या प्रमाण-द्रावणानें मधून मधून तपासावें. कारण चुकीचें माप हें माप नसण्यापेक्षां अधिक फसवें.

दिनचर्या सांगतों. रोज सकाळीं प्रथम उष्णता पाहावी. ती २५ ते २६ अंश असावी. मग रहिवाशांची हजेरी घ्यावी. हें काम मला पस्तीस वर्षांच्या संवयीचें! जो गैरहजर, त्याचा शोध करावा, कारण दगडामागें मेलेला जीव सारें पाणी नासवूं शकतो. पंप चालू आहे ना, फेस काढणाऱ्या यंत्राची वाटी भरली कीं काय, हें पाहावें. अन्न दोन मिनिटांत संपेल एवढेंच द्यावें. हात साबणाचा अंश न राहील असे धुवावे. कांहीं प्रवाळांच्या अंगीं जहाल विष असतें, म्हणून त्यांना हाताळतांना हातमोजे घालावे, आणि पाण्यांत हात घालण्यापूर्वीं विजेचीं उपकरणें बंद करावीं. विजेची दोरी भिंतीकडे जाण्यापूर्वीं खालीं झोळ देऊन न्यावी, म्हणजे ओघळणारें पाणी त्या झोळावरून गळून पडतें, भिंतींतील खांचेंत शिरत नाहीं.

आठवड्याचा दिवस आमच्याकडे रविवार. प्रथम परीक्षा, मग सफाई. कारण पाणी बदलल्यावर केलेली परीक्षा ही मुलाला उत्तर सांगून मग गणित विचारण्यासारखी आहे. चुंबकाच्या खरवडणीनें कांच पुसावी, दगडांवरची धूळ हलक्या झोतानें उडवावी, गाळणीचा कपडा धुवावा, आणि नळीनें १५ लिटर पाणी, म्हणजे दहावा हिस्सा, काढून तेवढेंच नवें घालावें. नवें पाणी उष्णतेनें व खारेपणानें जुन्याच्या तोडीचें असावें. दहाव्या हिश्श्यानें चमत्कार होत नाहीं, हेंहि लक्षांत असूं द्यावें. नायट्रेट २० असेल तर तें १८ वर येतें, शून्यावर नव्हे. महिन्याकाठीं पंप काढून पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्यें ठेवावे, म्हणजे त्यांवरचा चुन्याचा थर सुटतो; आणि औषधांच्या बाटल्यांवरील मुदत पाहावी.

आतां माझ्या चुकीकडे येतों. चौथ्या महिन्यांत टांकींत दोन नारिंगी विदूषक मासे, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी, कांहीं गोगलगायी आणि तीन मऊ प्रवाळें सुखानें नांदत होतीं. चिरंजीव, सूनबाई आणि नात दहा दिवसांकरितां परगांवीं गेलीं. जातांना चिरंजीवांनीं दोन कॅन दाखविले. एकांत गोडें पाणी, दुसऱ्यांत खारें. टांकीचें रोज दोन लिटर पाणी उडून जातें, तेवढें भरावयाचें, असें ते घाईंत म्हणाले. कोणत्या कॅनमधून, हें त्यांनीं सांगितलें असेल. मला तें ऐकूं आलें नाहीं, किंवा मीं लक्ष दिलें नाहीं. मीं मनाशीं विचार केला कीं, समुद्राच्या माशांना गोडें पाणी कसें घालावें? म्हणून मीं रोज मोठ्या काळजीनें दोन लिटर खारें पाणी ओतलें.

सहाव्या दिवशीं प्रवाळें अर्धवट मिटलीं. मीं दिवे तपासले. आठव्या दिवशीं तीं पुरीं मिटलीं. मीं अन्न कमी केलें. नवव्या दिवशीं सकाळच्या हजेरींत कोळंबी आली नाहीं. ती वाळूवर आडवी पडलेली होती. मधल्या रविवारीं मीं खारेपणा मोजला नव्हता. पाणी आरशासारखें स्वच्छ दिसत होतें, म्हणून वहींतल्या त्या रकान्यांत मीं "पाणी स्वच्छ" असें लिहून ठेवलें होतें.

मंडळी परत आलीं. नातीनें टांकीकडे पाहिलें. ती रागावली नाहीं. तिनें वही मागितली, तो रकाना वाचला, आणि कांहीं न बोलतां यंत्राच्या कांचेवर पाण्याचा थेंब ठेवला. आंकडा चाळीसला थोडा कमी आला. मग तिनें विचारलें, "आजोबा, कुठल्या कॅनमधलं पाणी घातलंत?"

श्रोतेहो, त्या प्रश्नाचें उत्तर तोंडांतून बाहेर पडण्यापूर्वींच मला सारें समजलें. उन्हानें वाफ होते ती पाण्याची. मीठ मागें राहतें. हा धडा मीं पस्तीस वर्षें शिकविला. मुलांना घेऊन उरणचीं मिठागरें दाखविलीं, तेथें कोंडींत सांचलेलें पांढरें मीठ त्यांच्या हातावर ठेवलें. आणि तोच मी दहा दिवस एका दिवाणखान्यांत मिठागर चालवीत होतों! दोन लिटरांत ७० ग्रॅम, दहा दिवसांत ७०० ग्रॅम. टांकींत आधींचे ५,२५० ग्रॅम होते, त्यांचे ५,९५० झाले. पाणी तेवढेंच राहिलें. म्हणजे ३५ चें सुमारें ३९ पूर्णांक ७. हें गणित पांचवीचा मुलगा करील. कोळंबी याच एका कारणानें मेली असें शपथेवर सांगतां येत नाहीं. पण असे जीव खारेपणाच्या बदलास फार हळवे असतात, आणि माझ्या मनाला दुसरें कारण सुचत नाहीं.

उपायांतहि घाई चालत नाहीं. एकदम गोडें पाणी ओतलें असतें तर उरलेल्यांना दुसरा धक्का बसला असता. आम्ही रोज टांकींतलें सुमारें साडेतीन लिटर पाणी काढून तितकेंच गोडें पाणी सावकाश सोडलें, आणि उडालेल्या दोन लिटरांची भरहि गोड्या पाण्यानेंच केली. पांच दिवसांत खारेपणा रोज थोडा थोडा उतरत ३५ च्या जवळ आला. सातव्या दिवशीं सकाळीं पहिलें प्रवाळ उमललें. त्या सकाळीं माझ्या आधीं नात टांकीजवळ उभी होती.

या प्रसंगानंतर मीं परीक्षांचें काम नव्यानें शिकून घेतलें, त्यांतील मुख्य गोष्टी सांगतों. पाण्याची अल्कता ही प्रवाळांच्या टांकींत खारेपणाखालोखाल महत्त्वाची. कारण सांगाडा रचण्यास लागणारें द्रव्य तिच्यांत असतें. तिची परीक्षा थेंब मोजून करतात. आमच्या पेटींत नळींतलें पाणी निळें होई. एक एक थेंब टाकून हलवीत गेलें म्हणजे एका थेंबाला तें एकदम पिवळें होई. जितके थेंब, तितके अंश. ती आठ ते नऊ अंशांवर स्थिर ठेवणें बरें, आणि उतरली तर एका दिवसांत एका अंशाहून अधिक चढवूं नये. कॅल्शियम दर लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १,२५० ते १,३५०. सामू आठ ते सव्वाआठच्या आसपास असावा. तो पहाटे उतरतो आणि दिवसां चढतो, म्हणून तो रोज एकाच वेळीं मोजावा. नायट्रेट व फॉस्फेट थोडीं असावींत, फार नसावींत. परंतु तीं अगदीं शून्य करण्याचा हट्टहि धरूं नये, कारण मग प्रवाळें उपाशी पडतात.

मऊ प्रवाळें असलेल्या नव्या टांकीला आठवड्याचें पाणी बदलणें बहुधा पुरतें. पाषाणप्रवाळें वाढूं लागलीं म्हणजे मात्र तीं पाण्यांतील चुना व अल्कता झपाट्यानें ओढतात. त्या वेळीं जीं द्रव्यें घालतात तीं आपल्या घरांत अनोळखी नाहींत. अल्कतेसाठीं खाण्याचा सोडा वापरतात, आणि चुन्याची निवळी थेंब थेंब सोडून चुना व अल्कता दोन्ही पुरवितात. ही निवळी फार तीव्र अल्क असते, म्हणून ती एकदम ओतणें घातक. नियम एकच: जें मोजलें नाहीं, तें घालूं नये.

मोजण्यांतहि चुका होतात. नळी आधीं ज्या पाण्याची परीक्षा करावयाची त्याच पाण्यानें विसळावी, रंग दिवसाच्या उजेडांत पांढऱ्या कागदावर पाहावा, थेंब टाकतांना बाटली उभी धरावी. एखादा आंकडा विचित्र आला, तर टांकीला औषध देण्यापूर्वीं परीक्षा पुन्हां करावी. पुष्कळ वेळां दोष पाण्यांत नसून आपल्या हातांत असतो. आणि जो आंकडा आला तोच लिहावा. "स्वच्छ", "ठीक", "नेहमींप्रमाणें" हे शब्द वहींत येऊं देऊं नयेत. त्या शब्दांची किंमत मला एका कोळंबीच्या जिवाएवढी पडली.

हें ऐकून कोणास उत्साह वाटला, तर एक सूचना अवश्य देतों. आपल्या देशांत पाषाणप्रवाळांस १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रांत प्रवाळें आहेत. तीं तेथें पाहावींत, पण त्यांचा तुकडाहि उचलूं नये. घरीं खाऱ्या पाण्याची टांकी ठेवण्याचा विचार करणारानें कोणताहि जीव आणण्यापूर्वीं कायदा विचारून घ्यावा. मासे व दगड एवढ्यावरहि ही सारी निगा शिकतां येते, आणि शिकण्यासारखें त्यांत पुष्कळ आहे.

आतां आम्ही परत आपल्या घरीं आलों आहों. दर रविवारीं नात त्या वहीच्या पानाचें छायाचित्र मला पाठविते. मी प्रथम खारेपणाचा रकाना पाहतों; तो तिनें अद्याप एकदांहि रिकामा सोडलेला नाहीं. वहीच्या पहिल्या पानावर तिनें माझ्या सांगण्यावरून एक ओळ लिहून ठेवली आहे: उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानें करावी. खालीं सही माझी आहे.